घरचीच मादी, टेस्ट केलेली नवी मादी, नर, की आधी कुणाच्या हाताखाली? कुत्र्यांचं ब्रीडिंग सुरू करण्याआधी

ब्रीडिंग सुरू करायचंय म्हणणाऱ्या बहुतेकांना एकच रस्ता दिसतो, घरात मादी आहे, माजावर आलीय, ओळखीत कुणाकडे नर आहे, झालं. खरं तर रस्ते चार आहेत आणि चारही वेगळे. माझं मत आधीच सांगून टाकते, कुत्रं दिसायला किती देखणं आहे यावर काहीच ठरवू नका. पिल्लांचे पहिले तीन आठवडे रात्री कोण जागणार आणि दिलेलं पिल्लू चार वर्षांनी परत आलं तर ते कुठे राहणार, याची उत्तरं घरात नक्की झाली असतील तरच पुढचं बोलू.

घरच्या मादीचा मोठा फायदा म्हणजे तिचा स्वभाव तुम्हाला पाठ असतो. ती फटाक्यांना घाबरते का, अनोळखी माणसावर गुरगुरते का, हे रोज बघितलेलं असतं आणि व्यायच्या वेळी तिचा तुमच्यावर विश्वास असणं फार कामाला येतं. अडचण अशी की तिच्या आईवडिलांबद्दल बऱ्याचदा काहीच माहीत नसतं, त्यांना नितंबाच्या सांध्याचा त्रास होता का, हार्टचं काही होतं का, कुणाला आंधळेपणा आला का. म्हणून तिच्या स्वतःच्या टेस्ट सोडून चालत नाही. मोठ्या जातीत हिपचा एक्सरे, आणि त्याचं पक्कं ग्रेडिंग पद्धतीनुसार 1 ते 2 वर्षं पूर्ण झाल्यावरच मिळतं, छोट्या जातीत गुडघ्याची वाटी सरकते का ते, सगळ्यांचे डोळे, डॉबरमन किंवा कॅव्हेलियर असेल तर हार्ट आवर्जून, शिवाय त्या जातीच्या डीएनए टेस्ट. आणि रिपोर्ट वाईट आला तर तिला फळवायचं नाही हे आधीच मनाशी पक्कं पाहिजे, नाहीतर टेस्ट करून उपयोग काय? एकदा पिल्लं झाली की मादीची तब्येत सुधारते हे ऐकून कुणी सुरुवात करत असेल तर थांबा, असं काही नसतं, गर्भाशयात पू होण्याचा धोका व्यालेल्या मादीलाही राहतोच.

दुसरा रस्ता ब्रीडिंगसाठीच मादी आणायचा. इथे दोन्ही पालकांचे रिपोर्ट हातात मिळतात, वंशावळ बघून जवळच्या नात्यात क्रॉस होतोय का ते कळतं (सख्ख्या भावंडांचा क्रॉस म्हणजे 25 टक्के इनब्रीडिंग, सावत्रांचा 12.5) आणि चांगला ब्रीडर असेल तर रात्री दोनला फोन उचलतो. पण पिल्लू आणलंत तर तिच्या स्वतःच्या टेस्टला एक-दोन वर्षं थांबायचंच आहे आणि ती फेल होऊ शकतेच, मग ती घरची लाडकी म्हणून आयुष्यभर सांभाळायची. टेस्ट पास झालेली मोठी मादी मिळणं अवघड, चांगली मादी सहसा कुणी सोडत नाही, म्हणून का देताय ते विचाराच. डीएनए रिपोर्टमध्ये कॅरियर, म्हणजे दोष अंगात लपलेला पण स्वतः आजारी नाही, असं आलं तर लगेच नाही म्हणू नका, अशा बऱ्याच आजारांमध्ये कॅरियर मादीला क्लियर, म्हणजे तो दोष नसलेल्या, नराशी लावलं तर आजारी पिल्लू जन्मत नाही. दोन मर्ल (अंगावर फिक्या-गडद रंगाचे ठिपके असलेली) कुत्री मात्र एकमेकांना कधीच लावू नका, सरासरी चारातलं एक पिल्लू डबल मर्ल, म्हणजे दोन्ही पालकांकडून तो गुण घेतलेलं, होतं आणि अशी पिल्लं बहिरी किंवा आंधळी असण्याचा धोका खूप जास्त.

नर ठेवणं सगळ्यांना सोपं वाटतं कारण व्याणं, जागरण काही नाही. पण टेस्ट न केलेल्या, नाव नसलेल्या नराकडे जबाबदार माणूस आपली मादी आणणार नाही, आणि जो आणेल त्याच्या मादीची तुम्हालाच काळजी वाटायला हवी. ब्रुसेला या जंतूसंसर्गाची टेस्ट दोघांचीही, प्रत्येक वेळी, त्याने गर्भ पडतात आणि तो माणसालाही होतो. मेटिंगमध्ये दोघं एकमेकांत अडकलेले असताना ओढून वेगळं करायचं नाही, हे वीसेक मिनिटं, कधी जास्तही चालतं. शिवाय एकाच नरापासून जातीत भरमसाठ पिल्लं झाली की त्याचा लपलेला दोष सगळीकडे पसरतो, त्यामुळे नाही म्हणणं हे नरवाल्याचं मोठं काम.

चौथा रस्ता अनुभवी ब्रीडरसोबत मादी भागीदारीत ठेवणं किंवा त्याच्याकडची दोन-तीन वेतं हाताखाली राहून बघणं, आणि नवख्याला मी हाच सांगेन. भागीदारीत कुणाकडे किती पिल्लं, सीझेरियनचा खर्च कोणाचा, मादी शेवटी कोणाकडे राहणार हे लिहून घ्या, तोंडी ठेवलं की नाती बिघडतात.

रस्ता कुठलाही असो, जातीने खूप फरक पडतो. बुलडॉग, फ्रेंच बुलडॉग, बोस्टन टेरियर यांची बहुतेक वेतं सीझेरियननेच होतात, पहिल्या वेताला मी या जाती सुचवणार नाही. मोठ्या जातीत दहा पिल्लं होऊ शकतात आणि आई चुकून अंगाखाली चिरडते, छोट्या जातीत पिल्लं कमी पण व्याल्यानंतर दोन-चार आठवड्यांत आईचं कॅल्शियम एकदम पडून झटके येऊ शकतात, तेव्हा सरळ डॉक्टर. म्हणून गाभणपणात आपल्या मनाने कॅल्शियम द्यायचं असं नाही, उलट त्याने हा धोका वाढतो.

मेटिंगपासून साधारण 58 ते 68 दिवस धरा, ओव्ह्युलेशनपासून (बीज सुटण्यापासून) मोजलं तर 63 च्या आसपास, म्हणून तो दिवस सांगणारी रक्ताची प्रोजेस्टेरॉन टेस्ट केलेली असेल तर तारखेचा गोंधळ होत नाही. 55 दिवसांनंतर एक्सरे काढून पिल्लं मोजून घ्या, नाहीतर एक आत राहिलंय हे कळतच नाही. अर्धा तास जोरात कळा देऊनही पिल्लू आलं नाही, किंवा पहिल्या पिल्लाच्या आधीच हिरवा स्राव आला तर वाट बघायची नाही. जन्मलेल्या पिल्लाला अंग गरम ठेवता येत नाही, पहिला आठवडा पेटीत 29 ते 32 अंश लागतं, पहिल्या दिवसात चीक पोटात जायला हवा आणि रोज वजन करायचं, वजन थांबलं की काहीतरी बिनसलंय. आईला दूध नसेल तर दर दोन-तीन तासांनी तुम्ही पाजायचं, नोकरी असेल तर हा प्रश्न मेटिंगच्या आधीच सोडवा. तिसऱ्या आठवड्यानंतर मोठं काम, पिल्लांना माणसं, आवाज, वेगवेगळ्या जमिनी दाखवायच्या, आणि आठ आठवड्यांच्या आत कुणालाही द्यायचं नाही, तो कितीही घाई करो.

घेणाऱ्यांची यादी मेटिंगच्या आधी करा आणि त्यातले अर्धे ऐनवेळी मागे हटतील असं धरून चाला. पिल्लू देताना कागदावर एक ओळ हवीच, कधीही सांभाळणं जमलं नाही तर कुत्रं आमच्याकडेच परत द्यायचं, वय कितीही असो, आणि त्यासाठी घरात एक जागा कायम रिकामी.