दूध संघ बुडाला, आणि आमचं नाव कुठल्याच वहीत नव्हतं

दूध संघ एका रात्रीत बुडत नाही. आमच्या तालुक्याचा संघ बुडायला काही वर्षं लागली आणि त्या सगळ्या काळात गावच्या किटल्या सकाळ-संध्याकाळ डेअरीवर जातच होत्या. ज्यांच्या संघाचा पगार, म्हणजे दुधाच्या बिलाचे पैसे, सध्या मागे-पुढे व्हायला लागलाय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. चौकशी चालू आहे, म्हणून संघाचं नाव घेत नाही.

पहिली खूण पगाराची. दहा दिवसांचं बिल आधी पंधरा दिवसांवर, मग महिन्यावर गेलं. कारणं सांगितली जायची: पावडरीचा भाव पडलाय, मुंबईच्या वितरकांकडे वसुली अडकलीय. त्यात तथ्य होतं. पुष्टकाळात दूध वाढतं, संघ जादा दुधाची पावडर आणि लोणी करून ठेवतो आणि भाव पडला की पैसा गोदामात अडकतो. हा धंदा तसाच आहे. पण त्याच मंदीत प्लँट वाढवायला कर्ज काढलं गेलं. टँकरचे ठेके संचालकांच्या नात्यातल्यांकडे होते आणि त्यांची वाहतुकीची बिलं वेळेवर निघत होती. टँकरवाल्याला द्यायला पैसे होते, दूध घालणाऱ्याला द्यायला नव्हते.

दुसरी खूण बिलाच्या चिठ्ठीवरच होती. लिटर, फॅट, एसएनएफ (म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ), दर, रक्कम आणि शेवटी कपात. कपातीत पूर्वी पेंड आणि शेअर्स एवढंच असायचं. पुढे लिटरमागे काही पैसे ठेव म्हणून कापायला लागले, दिवाळीला मिळणारा दराचा फरकही ठेवीत वळवला. गाईच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून ठरतो, त्याखाली पॉइंटमागे दर कापतात. अचानक अख्ख्या गावाचं एसएनएफ ८.२ च्या आसपास लागायला लागलं. गाई त्याच, चारा तोच, आणि खासगी केंद्रावर तेच दूध ८.५ भरत होतं.

खरी फसवणूक यानंतरची. थकलेल्या बिलांची ठेव करा, वर्षाने व्याजासकट मिळेल, असा वरून निरोप आला. गावच्या संस्थेचे सचिव घरोघरी कागद घेऊन फिरले. माझ्या वडिलांना म्हणाले, "आप्पा, सही करा. नाहीतर पुढचा पगारसुद्धा निघायचा नाही." पेंडवाल्याची उधारी डोक्यावर असलेल्या माणसाने काय करायचं? गावाने सह्या केल्या.

त्या सह्यांनी काय साधलं ते नंतर कळलं. संघाच्या ताळेबंदातून थकीत दूध बिलं गायब झाली आणि त्या जागी ठेवी दिसायला लागल्या. आमची मागणी वर्षभर पुढे ढकलली गेली. मुदत भरायच्या आत संघावर प्रशासक आले आणि मग अवसायक, म्हणजे संघ गुंडाळायला नेमलेले अधिकारी.

चिठ्ठ्यांची पिशवी घेऊन आम्ही अवसायकांच्या कार्यालयात गेलो. तिथल्या साहेबांनी पावती उलटसुलट करून पाहिली आणि नावावर बोट ठेवलं. पावती गावच्या दूध संस्थेच्या नावावर होती. संघाचे सभासद म्हणजे गावोगावच्या संस्था. आम्ही दूध घातलं संस्थेला, संस्थेने संघाला. म्हणजे संघाच्या वहीत आम्ही नाहीच, दावा करायचा तो संस्थेने. आणि संस्थेचा सगळा पैसा त्याच संघात अडकलेला. प्लँट आणि जमीन बँकेकडे तारण, त्यामुळे विक्रीतून पहिला हक्क बँकेचा. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं, दूध संघाच्या ठेवीला एका रुपयाचंही नसतं. सही घेताना हे कोणी सांगितलं नव्हतं.

गावात पेंडवाल्याने उधारी बंद केली. सगळ्यांनी एकदमच गाई बाजारात नेल्या, त्यामुळे गाभण गाईसुद्धा पडत्या भावात गेल्या. संघाचं संकलन थांबलं तसा खासगीवाल्याने दर उतरवला, कारण आता आम्हाला दुसरं दारच नव्हतं. दोन गाईंवर घर चालवणाऱ्या आमच्या वाडीतल्या काकू आता दुसऱ्यांच्या रानात खुरपायला जातात. त्यांच्या घामाचा पैसा ज्यांनी बुडवला ते आजही गाडीतून फिरतात, याची चीड येते.

संघाचं नाव मोठं आहे म्हणून निर्धास्त राहू नका. खुद्द राज्याच्या दूध महासंघाचा, म्हणजे महानंदचा, कारभार २०२४ मध्ये राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाकडे सोपवावा लागला.

थकलेल्या बिलाची ठेव करू नका, कितीही व्याज सांगोत. कपातीची पावती कोणाच्या नावावर आहे ते आजच बघा. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ३२ नुसार सभासदाला ताळेबंद आणि स्वतःच्या व्यवहारांच्या नोंदी पाहायचा हक्क आहे. या नोंदी मागणारा अर्ज गावच्या संस्थेत द्या, आणि संस्थेला संघाकडे तसाच अर्ज द्यायला लावा. पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका. पगार दुसऱ्यांदा चुकला की दुग्ध विभागाच्या सहाय्यक निबंधकांकडे लेखी तक्रार करा. कलम ८३ खाली चौकशी होते आणि नुकसानीची जबाबदारी कलम ८८ खाली संचालकांवर टाकता येते.

अवसायक आलेच असतील तर गावच्या संस्थेची सभा लावून दाव्याचा ठराव करून घ्या आणि सोबत सभासदवार थकबाकीची यादी जोडा. आमच्या शेजारच्या गावाच्या संस्थेने मुदतीत दावाच दाखल केला नाही, आणि तिथले दूध उत्पादक आता कुठल्याच यादीत नाहीत.