डिलिव्हरी वॉर्डाचा रिव्ह्यू : पाचपैकी दोन स्टार

दवाखान्याचं नाव लिहीत नाही, पुढच्या खेपेलेही तिथंच जा लागते. यवतमाळ जिल्हा समजा, एवढं पुरे.

आधी चांगलं सांगते. रात्री दोनले कळा सुरू झाल्या, आशाताईनं १०२ ले फोन लावला आन् गाडी पार पोडापर्यंत, म्हंजे आमच्या कोलाम आदिवासींच्या वस्तीपर्यंत आली (रस्ता पाहाल तर हेच नवल वाटंन). डिलिव्हरी नॉर्मल, पैसा लागला नाही, तीन दिवस जेवण, जननी सुरक्षाचे ७०० खात्यात आले, घरी सोडायलेही गाडी. संडास साफ होता बरं का.

मग स्टार काहून कापले? केसपेपर लिहिता लिहिता सिस्टरनं गाव विचारलं, मी म्हटलं पोडावरची, कोलाम आहो, तर ती मावशीले म्हणते, "आधी पाय धुवून घे इचे." पाय धुतलेलेच होते माहे. बाजूच्या बाईची सासू पूर्ण वेळ आत उशाशी, आन् माह्या मायले व्हरांड्यात काढलं, गर्दी होते म्हणे. कळ जोरात आली तशी मी ओरडली, तर "तुमच्यात तं बाया वावरातच मोकळ्या होते ना". टाके घालताना लय दुखते म्हटलं, कोणी वर पाह्यलंच नाही.

सुटीच्या दिवशी फॉर्म भरून घेतला. चादर, पंखा, औषध, सफाई. सगळीकडं 'चांगलं' लिहून दिलं, खोटं नव्हतं ते. पण जे झालं त्याले रकानाच नव्हता.

मंग मोबाईलवर वाचलं का अमेरिकेत काळ्या बायकांसाठी असा रकाना केलाय म्हणून. तिथं २०२१ साली लाख बाळंतपणामागं ६९.९ काळ्या आया गेल्या, गोऱ्या २६.६. डॉ. कॅरन स्कॉट आन् त्यांच्या टीमनं काळ्या आयांनाच विचारून माप बनवलं, नाव प्रेम-ओबी (हो, प्रेमच, हसूच आलं मले). त्याचे तीन भाग. माणूस म्हणून वागवलं का, तुमच्या माणसांची कदर केली का, आन् रंगावरून काही बोलले-वागले का. दुसरा वाचला आन् व्हरांड्यातली माय दिसली. आपल्या फॉर्मात रंगाच्या जागी जात-जमात टाका, बाकी तसंच छापलं तरी चालते.

दोनपैकी एक स्टार सोयीले. दुसरा १०२ च्या ड्रायव्हर भाऊले, त्यानं आपणहून मायले माह्या हाताजवळ बसवलं होतं.