परभणीत पीसी सारखा बंद पडायला असंल तर आधी या काकांकडं न्या

स्टेशन रोडच्या आतल्या गल्लीत एक बारकं कॉम्प्युटर रिपेअरिंगचं दुकान आहे, पाटी नाई, झेरॉक्सवाल्याला लागून, काउंटरवर उघडे कॅबिनेट पडलेले दिसतील. नाव-नंबर टाकू नको म्हणले काका, एकटा माणूस आहे, गर्दी झाली की काम बिघडतं म्हणून, त्यामुळं टाकत नाई, पण गल्लीत कुणालाबी विचारा, दाखवतील.

माझा डेस्कटॉप २०१७ ला असेंबल केलेला, आय५, रॅम ४ अन् ४ अशी ८ जीबी. मी घरून तीन दुकानांचं टॅली (हिशोबाचं सॉफ्टवेअर) अन् जीएसटीचं काम करतो. होळीनंतर मशीन सारखं बंद पडायलं, कधी निळी स्क्रीन येऊन रिस्टार्ट तर कधी काहीच न दाखवता फटकन काळं. ११ तारखेला जीएसटीचं आर-१ रिटर्न, २० ला ३बी रिटर्न, अन् अर्ध्या एंट्रीत मशीन गेलं की डेटा रीराइट करत बसायचं, एकदा तर आख्ख्या दिवसाच्या खरेदीच्या एंट्र्या गेल्या, त्या रात्री झोपच लागली नाई.

आधी दुसऱ्या एका दुकानात नेला होता. त्यांनी उघडूनबी बघितला नाई, विंडोज करप्ट झालंय म्हणले अन् फॉरमॅट मारला, ५०० रुपये. बरं झालं टॅलीचा बॅकअप पेनड्राइव्हवर होता. चार दिवसात परत तेच. मग म्हणले मदरबोर्ड गेला, साडेसात हजार लागतील, अन् पुरावा म्हणून इव्हेंट व्ह्यूअरमधली (विंडोज आपल्या नोंदी ठेवतं ती जागा) कर्नल-पॉवर ४१ ची ओळ दाखवली.

काकांना तीच ओळ दाखवली तर ते म्हणले, ह्याचा अर्थ एवढाच की मशीन नीट शटडाऊन न होता बंद झालं, कामून झालं ते ही ओळ सांगत नाई. अन् तिथल्या तिथं स्वतःच्या पीसीचा प्लग ओढला, परत चालू केला, तीच ४१ ची एंट्री दाखवली. साडेसात हजाराचा पुरावा दोन मिनिटात निकालात निघाला.

त्यांनी स्क्रू ड्रायव्हर हातात घ्यायच्या आधी वीस मिनिटं नुसतं विचारलं. निळी स्क्रीन येते का सरळ काळं होतं? निळ्यावर दरवेळी एकच कोड असतो का वेगवेगळे? दुपारी जास्त का रात्री? घरी इन्व्हर्टर आहे का? मी म्हणलो कोड वेगवेगळे येतात, एकदा मेमरी मॅनेजमेंट लिहिलेलं होतं. तर म्हणले कोड दरवेळी बदलत असंल तर पहिला संशय रॅमवर घ्यायचा, अन् सरळ काळं होणं हे बहुतेक करून गरमीचं नाईतर करंटचं असतं, दोन्ही भानगडी एकाच मशीनमधी असू शकतात.

पंख्यात धुळीचा नमदाच झालेला, प्रोसेसरवरची गरमी ओढून घेणारी पेस्ट वाळून खडू झालेली. ब्लोअर मारला, नवी पेस्ट लावली. मग पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट (रॅम तपासायचा प्रोग्रॅम) लावून रात्रभर सोडला, सकाळी लाल एरर. तरी रॅम खराब म्हणून मोकळे झाले नाईत, रॅमची एक एक पट्टी वेगळी लावून बघितली, एक साफ निघाली, दुसरीत एरर, मग साफवाली पट्टी दुसऱ्या स्लॉटमधी लावून बघितली, कारण पट्टी चांगली अन् स्लॉट खराब असंबी होतं म्हणे. खराब पट्टी माझ्या हातात दिली अन् जुनी पण टेस्ट केलेली ४ जीबीची लावली. पट्टीचे ६००, सफाई-पेस्ट अन् मजुरी मिळून ५५०.

निळी स्क्रीन तेव्हापासून एकदाबी आली नाई. पण घरी आणल्यावर तिसऱ्या दिवशी दुपारी परत काळं! लई राग आला, परत घेऊन गेलो. त्यांनी तीन दिवस टेबलावर चालू ठेवला, एकदाबी बंद पडला नाई. मग म्हणले, इथं पडत नाई अन् तुमच्या घरीच पडतो म्हणजे आता मशीनला हात लावायचा नाई, इन्व्हर्टरच्या मागं बघा, यूपीएस अन् नॉर्मल असं लिहिलेलं बटन असतं, ते कशावर आहे?

नॉर्मलवर होतं. त्यांनी समजावून सांगितलं, नॉर्मलवर इन्व्हर्टर व्होल्टेज लई खाली जाईपर्यंत लाइटीवरच चालवतो अन् बॅटरीवर जायला वेळ घेतो. पंखे-बल्बला तेवढ्यानं काही होत नाई, पण कॉम्प्युटरचा एसएमपीएस (आतला करंट देणारा डबा) नवा असला तरी करंट तुटल्यावर सेकंदाच्या साठाव्या हिश्श्याएवढंच धरून ठेवतो, माझा तर जुना. अन् उन्हाळ्यात दुपारी सगळ्या गल्लीचे कूलर चालू असले की आमच्याकडं व्होल्टेज पडतोच. बटन यूपीएसवर टाकलं, तेव्हापासून दोन महिने झाले, एकदाबी बंद नाई. ह्याचे त्यांनी एक रुपया घेतला नाई, मी द्यायलतो तरी. उलट हेबी सांगितलं की यूपीएसवर ठेवल्यानं बॅटरी जास्त वापरली जाते, पाणी बघत जा.

आता जे पटलं नाई तेबी लिहितो. वेळ लई लागतो, माझे दोन चकरा मिळून आठ दिवस गेले, अन् फोन उचलतच नाईत. पक्कं बिल नाई, वहीच्या कागदावर लिहून देतात, माझ्यासारख्या जीएसटीवाल्याला हे खटकतं अन् मी त्यांना तसं सांगितलंबी. जुन्या पट्टीला एकच महिन्याची गॅरंटी. महिनाअखेरीला अर्जंट काम असंल तर दुसरी सोय ठेवूनच जा.

माझ्याकडून ५ पैकी साडेचार. सकाळी अकराच्या आत गेलात तर निवांत बोलतात. मॉनिटर नेऊ नका, नुसतं कॅबिनेट न्या, अन् निळ्या स्क्रीनचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा, ते पहिले तेच मागतात.