दुर्मिळ कंद: बागेत लावायचे की अल्पाइन हाऊस घ्यायचं?

आमच्या भागातल्या मराठी ग्रुपमधल्या दोघातिघांनी या हिवाळ्यात मला एकच प्रश्न विचारला, ताई, तुमच्याकडे जानेवारी-फेब्रुवारीत ते निळे-पिवळे वेगळेच कंद फुलतात ते आम्हालाही लावायचेत, पण त्यासाठी काचेचं घर लागतंच का की मागच्या बागेत खड्डा करून लावले तरी चालतात? फोनवर दहा मिनिटात सांगण्यासारखं हे नाही म्हणून सविस्तर लिहितेय. मी इंग्लंडच्या यॉर्कशरमध्ये राहते, बागेतही लावते आणि एक छोटं अल्पाइन हाऊस, म्हणजे डोंगरी झाडांसाठीचं काचेचं घर, तेही आहे, त्यामुळे दोन्हीकडचं नफा-नुकसान स्वतः बघितलंय.

आधी एक गैरसमज काढून टाका. आपल्याला वाटतं इथे एवढी थंडी, म्हणजे नाजूक कंद थंडीने मरत असणार आणि काचेचं घर त्यांना ऊब द्यायला असतं. तसं अजिबात नाही. अल्पाइन हाऊसमध्ये हीटर नसतो, उलट दोन्ही बाजूच्या खिडक्या जवळजवळ वर्षभर उघड्या ठेवायच्या असतात. त्या छपराचं खरं काम एकच, पाऊस अडवणं. हे कंद तुर्कस्तान, इराण, मध्य आशियाच्या डोंगरातले, तिथे बर्फ पडतो, उणे दहा-पंधरा होतं, त्याचं त्यांना काही नाही. पण तिथला उन्हाळा म्हणजे आपल्याकडचा वैशाख वणवा, तीन-चार महिने पाण्याचा थेंब नाही, आणि त्या कोरड्या तापलेल्या मातीत कंद झोपलेला असतो. इथे यॉर्कशरला जुलैत आठ-आठ दिवस पाऊस, की कंद खालून सडलाच. थंडी मारत नाही हो, चुकीच्या वेळचं पाणी मारतं.

आपल्या सह्याद्रीशी ताडून बघा म्हणजे पटकन कळेल. कळलावी, सापकांदा हे सगळे पहिल्या पावसात वर येतात, पावसाळाभर जगून घेतात आणि मग पुढच्या जूनपर्यंत जमिनीत गप्प. या तुर्की-इराणी कंदांचं वेळापत्रक त्याच्या बरोबर उलटं आहे, सप्टेंबर-ऑक्टोबरच्या पावसाने मुळं सुटतात, थंडीत किंवा वसंतात फूल, आणि मे-जूनला पानं पिवळी पडली की झोप. म्हणून कुठलाही कंद घेताना विकणाऱ्याला "किती थंडी सोसतो" हे विचारण्याआधी "याचा उन्हाळा किती कोरडा लागतो" हे विचारा, बागेत की काचेखाली याचं अर्धं उत्तर तिथेच मिळतं.

आता बाहेरची बाजू. दुर्मिळ म्हणजे अवघड असं लोक धरून चालतात आणि तिथेच चुकतात. ट्युलिपा स्प्रेंगेरी घ्या, तुर्कस्तानातल्या अमास्याचा लाल ट्युलिप, रानात आता नाहीसा झालाय असं मानतात, कंद विकत घ्यायला गेलात तर महाग, पण बागेत एकदा रुळला की स्वतःच बी टाकून पसरतो, आणि बाकीचे ट्युलिप संपल्यावर मेच्या शेवटी, जूनमध्ये फुलतो. कंद तो इतका खोल ओढून घेतो की खणून काढणं कठीण, म्हणून तर विकायला कमी येतो. बी मात्र सहज मिळतं, बागकामाच्या संस्थांच्या बी-वाटपातून किंवा कुणा माळीकाम करणाऱ्या शेजाऱ्याकडून, फक्त फुलायला चार-पाच वर्षं थांबायची तयारी ठेवा.

स्नोड्रॉपचंही (लहान पांढरं, खाली मान घातलेलं फूल) तसंच. 2022 मध्ये ईबेवर 'गोल्डन टिअर्स' नावाचा एक स्नोड्रॉप 1,850 पौंडांना गेला, एक कंद! आणि तरीही स्नोड्रॉप हे बाहेर, पानगळीच्या झाडाखाली सुखाने राहणारं झाड. किंमत नव्या पिवळ्या रंगाची आणि कंद हळूहळू वाढतात त्याची असते, अवघडपणाची नाही. मी स्वतः असे महागडे घेत नाही, 'एस. अर्नॉट' नावाचा प्रकार लावलाय, त्याला मधासारखा वास येतो आणि दोन-तीन वर्षांत चांगला गुच्छ होतो. स्नोड्रॉप शक्यतो फेब्रुवारी-मार्चमध्ये हिरव्या पानांसकट उचलून दिलेले घ्या, सप्टेंबरमध्ये पाकिटात सुकलेले मिळतात ते बऱ्याचदा उगवतच नाहीत, माझे एकदा पंचवीसपैकी चार आले.

बाहेर ओलसर जागा असेल तर फ्रिटिलारिया मेलिआग्रिस लावाच. जांभळ्या चौकडीच्या कापडाची उलटी घंटा असावी असं फूल. विल्टशरमध्ये क्रिकलेडजवळ नॉर्थ मेडो म्हणून कुरण आहे, हिवाळ्यात नदीचं पाणी त्यावर पसरतं आणि एप्रिलमध्ये तिथे हेच फूल शेकडो-हजारोंनी, ब्रिटनमधली रानातली बहुतेक झाडं तिथेच आहेत. म्हणजे हा कंद कोरडा ठेवाल तर मरेल! आयरिस विनोग्राडोवी पण त्यातलाच, कॉकेशसचा फिकट पिवळा, दुर्मिळ, आणि उन्हाळ्यात कोरडा पडलेला त्याला चालत नाही, त्यामुळे आमच्यासारख्या उत्तरेतल्या लोकांकडे बाहेरच जास्त खूश. त्याचीच संकर मुलगी 'कॅथरीन हॉजकिन', निळसर-पिवळट, त्यावर गडद शिरा, फेब्रुवारीत बर्फातून डोकं काढते. सुरुवात कुठून करू असं विचाराल तर मी डोळे मिटून हिचं नाव सांगेन.

मधली एक जागा आहे जिच्याबद्दल कुणी फार बोलत नाही आणि मला वाटतं बऱ्याच जणांचं उत्तर तिथेच आहे. उन्हातला उंच वाफा. दक्षिणेकडच्या भिंतीला लागून विटांचा फूटभर उंच चौकोन, आत माती आणि बारीक खडी निम्मीनिम्मी, वर दोन-तीन इंच नुसती खडी. बिल्डरची मऊ वाळू घेऊ नका, ती चिखलासारखी बसते, धारदार कणांची वाळू लागते. अशा वाफ्यात आयरिस बुखारिका, फ्रिटिलारिया मिखाइलोव्हस्की (चॉकलेटी घंटा, पिवळी किनार), स्टर्नबर्गिया ल्युटिया हे सगळे मजेत राहतात. आणि अगदीच पावसाळी उन्हाळा आला तर जून ते ऑगस्ट वर एखादी जुनी काच किंवा पारदर्शक पत्रा तिरका टेकवायचा, बाजू उघड्या, झालं.

मग अल्पाइन हाऊस कशासाठी? माझ्यापुरतं सांगते, टेकोफिलियासाठी. टेकोफिलिया सायनोक्रोकस, चिलीतला. सँटियागोच्या आसपासच्या डोंगरातला हा कंद खणून खणून आणि गुरांनी चरून रानातून संपला असंच सगळे धरून चालले होते, 2001 मध्ये पुन्हा सापडला. निळा म्हणजे कसला निळा, मोरपिसातला जो मधला गडद निळा असतो ना, तोच, वर घशाशी जरासा पांढरा. फेब्रुवारी-मार्चमध्ये आभाळ राखाडी असतं आणि कुंडीत हा रंग! बाहेर लावला तर कडक, गोठवणाऱ्या दहिवरात पानं भाजतात आणि उन्हाळी पावसात कंद जातो, अगदी दक्षिणेत आसऱ्याच्या जागी काही जण जगवतात, पण आमच्याकडे काचेखालीच. तसाच मोरोक्कोचा नार्सिसस रोमिउक्सी, डिसेंबर-जानेवारीत फिकट पिवळ्या फ्रॉकसारखी फुलं येतात, बाहेर ती वाऱ्या-गारांनी फाटून जातील. ज्यूनो हा आयरिसचा एक गट, त्यातले अवघड प्रकार, आयरिस पर्सिकासारखे, तेही आतच, त्यांच्या पानांच्या बेचक्यात पाणी साचलं की सड लागते. आणि ज्यूनो हाताळताना कंदाच्या खाली गाजरासारखी जाड मुळं असतात ती तोडू नका, त्यातच त्याची शिदोरी असते.

आतली व्यवस्था अशी असते की टेबलाच्या उंचीवर एक खोल वाफा, त्यात वाळू भरलेली, आणि मातीच्या कुंड्या काठापर्यंत त्या वाळूत रोवलेल्या. माठ जसा पाझरतो तशी ही कुंडी पाझरते, फक्त उलट्या दिशेने, वाळू ओली ठेवली की कुंडीच्या भिंतीतून ओल हळूच आत जाते आणि कंदावर थेट पाणी पडत नाही. शिवाय थंडीच्या लाटेत कुंडी पूर्ण गोठत नाही, उन्हाळ्यात तापत नाही. प्लास्टिकच्या कुंडीत हे होत नाही, त्यात पाणी मोजून-मापून द्यावं लागतं. बघायचं असेल तर लंडनच्या क्यू गार्डन्समध्ये जा, तिथलं डेव्हिस अल्पाइन हाऊस 2006 चं, दहा मीटर उंच काचेची कमान, आत हवा खालून येऊन वरून निघून जाते, ऊब साठू द्यायची नाही हाच सगळा खटाटोप. आमच्या बाजूला हॅरोगेटजवळ हार्लो कार या बागेतही अल्पाइन हाऊस आहे, मी तिथे दर फेब्रुवारीत जाते आणि कुठली कुंडी किती ओली आहे ते खाली वाकून बघते.

आणि काम किती पडतं ते ऐका, कारण निर्णय खरा इथे होतो. बागेतला कंद लावला की लावला, चार वर्षांनी गर्दी झाली की उकरायचा. आतला कंद दर उन्हाळ्यात कुंडीतून काढून नवीन मातीत. जुलैत एक दिवस मी अंगणात वर्तमानपत्र पसरून बसते, कुंडी उपडी करते, कोरडी माती भसकन पडते आणि तिच्यातून कंद वेचायचे. टेकोफिलियाचे कंद चपटे, सुती जाळीसारखं आवरण असलेले, बोटात दाबले की घट्ट लागले पाहिजेत, मऊ लागला आणि बुरशीचा आंबूस वास आला तर तो लगेच बाजूला, इतरांना लागू नये म्हणून. फ्रिटिलारिया पुडिका काढताना तर चहाची गाळणी घेऊन बसावं लागतं, मोठ्या कंदाभोवती तांदळाच्या कण्यांएवढे पांढरे पिल्लू-कंद असतात आणि प्रत्येक कणीचं तीन-चार वर्षांत फुलणारं झाड होतं. मला हा दिवस वर्षातला सगळ्यात आवडता. तुम्हाला हे वाचूनच कंटाळा आला असेल तर अल्पाइन हाऊस घेऊ नका, मनापासून सांगते, ती हौस ज्याची त्याची.

पाण्याचं गणित: सप्टेंबरमध्ये पहिलं भरपूर पाणी, मग माती जेमतेम ओलसर, डिसेंबर-जानेवारीत अगदी कमी, फेब्रुवारीनंतर पानं जोरात वाढतात तेव्हा जास्त, सोबत टोमॅटोचं खत निम्म्या ताकदीने, पानं पिवळी पडली की बंद. आपल्या लोकांसाठी यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे भारतवारी. मुलांच्या सुट्टीत जुलै-ऑगस्टला जाणार असाल तर उत्तम, कंद झोपलेले असतात, शेजाऱ्याला काही सांगायलाच नको, फक्त जायच्या आधी सावलीची जाळी लावा. डिसेंबरात लग्नांसाठी तीन आठवडे गेलात तरी चालतं, खिडक्या उघड्या ठेवून जा, नाहीतर कोंदट हवेत करडी बुरशी धरते, रोमिउक्सीची फुलं मात्र हुकतील. पण होळी-पाडव्याला महिनाभर जायची सवय असेल तर अडचण आहे, मार्च-एप्रिलमध्ये कुंडी सुकली की पानं लवकर पडतात, नवा कंद पोसला जात नाही आणि पुढच्या वर्षी फूल नाही. बागेतल्या कंदांना यातलं काही लागत नाही.

शत्रू दोन्हीकडे वेगळे. बाहेर खारी आणि उंदीर क्रोकस उकरतात, लावल्यावर वरून तारेची जाळी दाबून टाका. फ्रिटिलारियावर लाल लिली बीटल, हाताने वेचूनच मारावा लागतो. आत मावा आणि व्हाइन वीव्हिल नावाचा भुंगा, आणि माव्यातून व्हायरस येतो म्हणून आतल्या कुंड्यांकडे रोजच्या रोज लक्ष हवं.

विकत घेताना एक सांगून ठेवते. स्नोड्रॉप, सायक्लॅमेन, स्टर्नबर्गिया हे साइट्सच्या (धोक्यातल्या रानटी जातींच्या व्यापाराबद्दलचा आंतरराष्ट्रीय करार) दुसऱ्या परिशिष्टात आहेत, तुर्कस्तानला फिरायला गेलात आणि डोंगरात दिसले म्हणून उकरून आणू नका, आणि भारतातून किंवा युरोपातून लावायचे कंद बॅगेत टाकून आणायचे तर वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं. त्यापेक्षा अल्पाइन गार्डन सोसायटी (1929 ची) किंवा स्कॉटिश रॉक गार्डन क्लब (1933 चा) यांचं सभासद व्हा, दोन्हीकडे सभासदांना दरवर्षी बी मिळतं. मला एका ऑनलाइन दुकानातून टेकोफिलिया म्हणून साधेच निळे क्रोकस आले होते आणि कळायला दोन वर्षं गेली, बियांच्या बाबतीत निदान पैसे बुडत नाहीत. शिवाय घरात लहान मुलं असतील तर हे कंद स्वयंपाकघरात कांदा-लसणाच्या टोपलीजवळ अजिबात ठेवू नका, डॅफोडिल, स्नोड्रॉप, कॉल्चिकम सगळे विषारी आणि दिसायला सांबारच्या कांद्यासारखे.

तर कुणी काय करावं. भाड्याचं घर, किंवा दोन-तीन वर्षांत बदली होईल असं वाटतंय: कुंड्या आणि एक कोल्ड फ्रेम, म्हणजे काचेचं झाकण असलेली लाकडी पेटी, खर्च अल्पाइन हाऊसच्या मानाने किरकोळ आणि टेकोफिलिया यातही होतो, वाकून काम करावं लागतं एवढंच. स्वतःचं घर आहे, पण नोकरी, मुलं, वेळ नाही: उंच वाफा, त्यात 'कॅथरीन हॉजकिन' आणि बुखारिका, झाडाखाली स्नोड्रॉप आणि सायक्लॅमेन कोम. रिटायर झालाय किंवा घरून काम करता, आणि फेब्रुवारीत फुलाशी नाक नेऊन बसायला आवडतं: मग अल्पाइन हाऊस घ्याच, पण आधी एक वर्ष कोल्ड फ्रेममध्ये दहा कुंड्या सांभाळून बघा. आयरिस डॅनफोर्डिये मात्र कुठेच लावू नका असं मी म्हणेन, पहिल्या वर्षी पिवळाजर्द फुलतो आणि मग कंदाचे बारीक तुकडे होऊन वर्षानुवर्षं नुसती पानं, खोल लावून बघितला तरी माझ्याकडे फरक पडला नाही.

चांगल्या कंदांच्या याद्या उन्हाळ्यातच येतात आणि टेकोफिलियासारखे आठवड्यात संपतात, त्यामुळे ऑर्डर जुलै-ऑगस्टलाच टाका. खडी आणि वाळू मात्र आत्ताच आणून ठेवा, सप्टेंबरमध्ये पार्सल आल्यावर धावपळ नको.