डीएससीवर पॉलिकार्बोनेटचं एजिंग मोजताना: आठ महिन्यांचा अनुभव

नाशिकमधल्या सातपूरच्या आमच्या छोट्या लॅबमध्ये डीएससी (तापवताना नमुना किती उष्णता घेतो ते मोजणारं यंत्र) आला तो एका प्रश्नापायी. अंबडच्या एका मोल्डरचे पॉलिकार्बोनेटचे पारदर्शक पार्ट साच्यातून निघताना चिवट असायचे, पण गरम जागी काही आठवडे राहिले की खाचेपाशी तडकायचे. मटेरियल तेच, वजनही तेच.

साच्यात झटकन गार होताना प्लास्टिकच्या रेणूंच्या साखळ्या नीट बसण्याआधीच थिजतात. पुढे १४७ अंशांच्या ग्लास ट्रान्झिशनखालीही (कडक प्लास्टिक मऊ पडू लागतं ते तापमान) त्या हळूहळू सावरत राहतात. मधली मोकळी जागा घटते, एन्थाल्पी (आत साठलेली ऊर्जा) उतरते आणि प्लास्टिक ठिसूळ होतं. हेच एजिंग. आकारमानातला फरक इतका बारीक असतो, की आमच्या घनतेच्या काट्यावर तो कधीच सापडला नाही. डीएससीत मात्र ग्लास ट्रान्झिशनच्या पायरीवर चक्क टोक उभं राहतं. १३० अंशांवर तीन दिवस ठेवलेल्या तुकड्यात ते पहिल्यांदा दिसलं, त्या दिवशी मी आलेखाचा प्रिंट टेबलासमोर चिकटवला. तोच तुकडा १८० पर्यंत नेऊन, गार करून पुन्हा तापवला की टोक नाहीसं होतं. दोन आलेखांमधलं क्षेत्रफळ म्हणजेच एजिंग.

म्हणून पहिलं हीटिंग फेकू नका. जुना इतिहास पुसायचा म्हणून सगळे रिपोर्टात दुसरंच घालतात; आपल्याला तर तो इतिहासच हवा असतो!

पावसाळ्यात फार मनस्ताप झाला. ओलाव्यामुळे बेसलाइन (आलेखाची पायाची रेषा) वाकायची, म्हणून मी तुकडे १२० अंशांवर चार तास वाळवले, मोल्डिंगआधी प्लास्टिकचे दाणे वाळवतात तसेच. एजिंगचे आकडे वाढले. वाळवतानाच एजिंग होत होतं, हे कळायला तीन आठवडे गेले. आता साध्या तापमानाला, व्हॅक्यूम डेसिकेटरमध्येच ठेवतो.

कॅलिब्रेशनला इंडियम उत्तम, कारण ते १५६.६ अंशांना वितळतं, अगदी आपल्या मापाच्या शेजारी. यूपीएस मात्र हवाच. वीज गेल्याने ओव्हनमधले तीन दिवस दोनदा वाया गेले.

साखळ्यांमधल्या पोकळ्या केवढ्या, हे डीएससी सांगत नाही. त्याला पॉझिट्रॉनची (इलेक्ट्रॉनसारख्याच, पण धन प्रभाराच्या कणाची) पद्धत लागते. सोडियम-२२ मधून निघालेले पॉझिट्रॉन पॉलिमरमध्ये ऑर्थो-पॉझिट्रोनियम (इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनची क्षणभंगुर जोडी) बनवतात. निर्वातात त्याचं आयुष्य १४२ नॅनोसेकंद, पोकळीत जेमतेम एक ते चार. पोकळी मोठी तितकं ते जास्त टिकतं. ते काम मोठ्या संस्थांचं. तडकलेल्या पार्टचं कारण शोधायला मला डीएससी पुरतो.

नमुना पाठवणाऱ्यांना एकच विनंती: पिशवीवर मोल्डिंगची तारीख लिहा, आणि पार्ट मधल्या काळात कुठे ठेवला होता तेही.