महारेराचा क्रमांक खरा, बांधकाम परवानगी बनावट

डोंबिवली पूर्वेला आम्ही घेतलेला वन बीएचके कागदोपत्री निर्दोष दिसत होता. प्रकल्पाला महारेराचा, म्हणजे गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचा, नोंदणी क्रमांक होता, गृहकर्ज मंजूर झाले होते, मुद्रांक शुल्क भरून दुय्यम निबंधकांकडे करारनाम्याची रीतसर नोंदणी झाली होती आणि इंडेक्स टू, म्हणजे त्या नोंदणीचा उतारासुद्धा हातात आला होता. हे सगळे ज्या बांधकाम परवानगीवर उभे होते, ती परवानगी महापालिकेने कधी दिलेलीच नव्हती, हे आम्हाला राहायला गेल्यानंतर कळले.

मुलुंड-ठाण्यात बरी जागा कोटीच्या घरात गेल्यापासून पगारदार कुटुंबांचा शोध कल्याण-डोंबिवलीपासूनच सुरू होतो. आम्ही पाहत होतो तेव्हा इथल्या मोठ्या संकुलांतही ५० लाखांच्या खाली कोणी बोलायला तयार नव्हते. या विकासकाने मात्र नोंदणीच्या खर्चासह ३२ लाख सांगितले. एवढा फरक कसा, असे माझ्या सासऱ्यांनी विचारताच विक्री कार्यालयातला मुलगा म्हणाला, "काका, ते स्विमिंग पूल आणि क्लबहाऊसचे पैसे लावतात. आपल्याकडे फक्त घराचे पैसे." उत्तर पटण्यासारखे होते, कारण आम्हाला पूल नकोच होता. खरा फरक वेगळा होता: अधिकृत विकासकाला महापालिकेत विकास शुल्क भरावे लागते, नियमाप्रमाणे मोकळी जागा सोडावी लागते आणि मंजुरीएवढेच मजले चढवता येतात. यांनी यातले काहीच केले नव्हते.

परवानगीची आम्हाला दाखवलेली प्रत झेरॉक्स होती. तिच्यावर गोल शिक्का, नगररचना विभागाची सही आणि जावक क्रमांक व्यवस्थित होता. मूळ प्रत कर्ज देणाऱ्या कंपनीकडे आहे, असे सांगण्यात आले. राष्ट्रीयीकृत बँका "प्रक्रिया किचकट असते" म्हणून इथे कर्ज देत नाहीत, हेही त्यांनीच सांगून टाकले आणि एका खासगी वित्त कंपनीचा माणूस तिथेच बसवलेला होता. पुढे एका शेजाऱ्यांनी माहिती अधिकारात तो जावक क्रमांक विचारला, तेव्हा त्या क्रमांकाने आमच्या इमारतीला कोणतीही परवानगी निर्गमित झालेली नाही, असे दोन ओळींचे उत्तर आले.

या भागात आम्ही एकटे नाही. महापालिकेच्या बनावट परवानग्या जोडून महारेराची नोंदणी मिळवलेल्या ६५ इमारतींचे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने त्या पाडण्याचे आदेश दिले. नोंदणीच्या वेळी कागद विकासक स्वतः अपलोड करतो. त्यामुळे महारेराचा क्रमांक म्हणजे परवानगी तपासली गेल्याचा दाखला, असे समजू नये. आमच्या तक्रारीवरून विकासकावर गुन्हा दाखल झाला आहे, हप्ते मात्र सुरूच आहेत, कारण कर्ज आमच्या नावावर आहे आणि इमारत बेकायदा ठरली तरी कंपनीचा वसुलीचा हक्क संपत नाही.

घर पाहत असाल तर टोकन देण्याआधी परवानगीवरचा जावक क्रमांक आणि तारीख टिपून घ्या आणि थेट महापालिकेच्या नगररचना विभागात त्याची खात्री करा. तोंडी उत्तर मिळाले तर १० रुपयांचा माहिती अधिकार अर्ज करा, त्याला साधारणपणे ३० दिवसांत लेखी उत्तर द्यावे लागते. तेवढे थांबायला विकासक तयार नसेल तर तिथेच विषय संपवावा. नोंदणीकृत करारनाम्याआधी किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेण्यास रेरा कायद्याच्या कलम १३ नुसार मनाई आहे, हेही त्याला ऐकवावे. सातबाऱ्यावरचा सर्व्हे क्रमांक परवानगीतल्या क्रमांकाशी जुळतो का, ते पाहावे. तयार इमारत असेल तर भोगवटा प्रमाणपत्राची, म्हणजे इमारत वापरायला महापालिकेने दिलेल्या दाखल्याची खात्रीही महापालिकेतच करून घ्यावी. त्याऐवजी कोणी मालमत्ता कराची पावती पुढे केली तर ती बाजूला ठेवावी. कर बेकायदा बांधकामालाही लागतो आणि तो भरल्याने इमारत अधिकृत होत नाही.