मुलगा धडकेला बिचकतो का? ऑक्लाहोमा ड्रिल की पायरीपायरीने सराव

अमेरिकेत मुलांच्या टॅकल फुटबॉल (चेंडू नेणाऱ्याला धडकून खाली पाडायचा अमेरिकन फुटबॉल) संघाला हौसेने कोचिंग करणाऱ्या पालकाला सुरुवातीलाच एक गोष्ट जोखावी लागते: अंगावर येणाऱ्याला कोण सामोरं जातं आणि कोण बिचकतं.

जुन्या कोचचं उत्तर ऑक्लाहोमा ड्रिल. कोच बड विल्किन्सन यांच्या ऑक्लाहोमा विद्यापीठाच्या संघावरून हे नाव पडलं. सरावाच्या गादीदार बॅगांमधली अरुंद गल्ली, दोघं समोरासमोर, शिट्टी, धडक. निकाल लगेच लागतो, पण कळतं ते एवढंच, की त्या क्षणी कोण जड आणि कोण आडदांड. हरलेला मुलगा घाबरला, की त्याला खांदा कसा लावायचा तेच माहीत नव्हतं, हे गुलदस्त्यातच राहतं. शिवाय डोक्याला मार बसण्याचा धोका आहेच. मुलांच्या पॉप वॉर्नर लीगने २०१२ मध्ये तीन यार्डांहून जास्त अंतरावरून पूर्ण वेगाने समोरासमोर धडकण्याचे सराव बंद केले. २०१९ मध्ये तर खुद्द एनएफएलने, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगने, ऑक्लाहोमा ड्रिलवर बंदी घातली.

दुसरा मार्ग यूएसए फुटबॉल या खेळाच्या राष्ट्रीय संस्थेच्या पाच पायऱ्यांचा: एअर, बॅग, कंट्रोल, थड, लाइव्ह. एअरमध्ये समोर कोणीच नसतं, बॅगमध्ये माणसाऐवजी बॅगेवर धडकायचं. कंट्रोलमध्ये वेग आणि जिंकणारा आधीच ठरलेला असतो. थडमध्ये वेग पूर्ण, पण कोणी कोणाला पाडायचं नाही. लाइव्ह म्हणजे खऱ्या सामन्यासारखं. यात वेळ जातो, आणि बारीक लक्ष ठेवणारं आणखी एक मोठं माणूस लागतं. तरी मी हाच मार्ग निवडेन, कारण भीती नेमकी कुठे सुरू होते ते इथे दिसतं. बॅगेवर झकास धडकणारा मुलगा समोर माणूस आला, की शेवटच्या दोन पावलांत आखडतो, डोळे मिटतो, मान खाली घालतो. खाली गेलेली मान सर्वांत धोक्याची. अशा वेळी सराव तिथेच थांबवून त्याला पुन्हा बॅगेवर न्यायचं: नजर वर, खांदा पुढे, डोकं बाजूला. कबड्डीत पकड करणाऱ्यालाही आधी पाय रोवायलाच शिकवतात ना, तसंच.

आठ-दहा वर्षांच्या नवख्यांसाठी तर दुसऱ्या मार्गाला पर्यायच नाही. तेरा-चौदाची, खेळलेली मुलं असतील, तर बॅगेवर उजळणी करून घेऊन थडवर जा. तिरकस कोनातून टॅकल करायला लावा, म्हणजे खरा सामना कसा खेळतील याचा अंदाज येतो. जोड्या मात्र वजन आणि अनुभव पाहूनच लावा.

आणि थडपर्यंत येऊनही एखाद्याचे डोळे मिटतच असतील, तर त्याला या मोसमात फ्लॅग फुटबॉल खेळू द्या; त्यात पाडण्याऐवजी कमरेची पट्टी ओढायची असते. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये तोच खेळ आहे, हे त्याला आवर्जून सांगा.